कार्यालयाबाहेर म्हणजे नक्की कुठे

माणूस रजेवर गेला की त्याच्या ईमेलमधून जे आपोआप उत्तर येतं, त्याचा मला मनापासून तिटकारा आहे. दारातून माणसाला कटवायची ही नवी रीत. पूर्वी कटवायला निदान एक शिपाई लागायचा. साहेब नाहीत म्हणताना तो जरा चाचरायचा, नजर चुकवायचा, आणि साहेब आतच आहेत हे आपल्याला कळायचं. हे यंत्र चाचरत नाही. आधी आभार मानतं, मग हात झटकतं, आणि वर शुभेच्छा देतं.

महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्याकडे ही सोय आली तेव्हा साहेब लोकांना खेळणंच मिळालं. एक साहेब दर शुक्रवारी जेवण झालं की मुंबईला पळायचे आणि मेलवर लावून जायचे की मी दौऱ्यावर आहे, तिथे नेटवर्क मर्यादित आहे. दौरा कसला, बायकोकडे जायचे. जा ना बाबा, बायकोकडे जाऊ नको असं कोण म्हणतंय? पण मर्यादित नेटवर्क? आमच्या पाचाडला गडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी विकणारी बाई शूटिंग करून मोबाईलवर टाकते आणि ह्यांना मुंबईत नेटवर्क नाही.

दुसरे एक साहेब केबिनमध्ये बसून रजेवर असायचे. खरंच सांगते. ऑडिटवाले यायचे झाले की ह्यांचं यंत्र सुरू. आतून चहा मागवला जायचा आणि मेलवरून उत्तर यायचं की मी सोमवारपर्यंत उपलब्ध नाही. मी एकदा ते उत्तर छापून घेतलं, दारावर टकटक करून आत गेले आणि विचारलं, ‘‘साहेब, तुम्ही रजेवर आहात असं कळलं. मग ह्याच्यावर सही कुणाची घेऊ?’’ सही मिळाली. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बरंच झालं, माझी कामं वेळेवर व्हायला लागली.

ह्याचे फायदे नाहीतच असं मी म्हणणार नाही, उगाच खोटं कशाला बोला. आमच्या विभागातली एक मुलगी बाळंतपणाला माहेरी गेली. बाळ अजून बारशाचं झालं नव्हतं तर साहेबांचे मेल सुरू, ती फाइल कुठेय, हा पासवर्ड काय आहे. पोरगी एका हातानं बाळाला धरून दुसऱ्या हातानं उत्तरं लिहायची. शेवटी मीच तिला फोनवरून आपोआप उत्तर लावायला शिकवलं. साहेबांना दोनदा तेच उत्तर गेल्यावर त्यांनी फाइल स्वतः शोधली आणि ती त्यांच्याच कपाटात निघाली. लहान माणसाला मोठ्यापासून थोडी उसंत मिळत असेल तर ते यंत्र असू दे, माझी काही हरकत नाही. पण मी पाहिलं ते बहुतेक उलटंच. मोठी माणसं लहानांना चुकवायला ते वापरतात.

आणि त्या उत्तरात सगळ्यात भिकार जर काही असेल तर ती शेवटची ओळ. तातडीचं काम असल्यास अमुक यांच्याशी संपर्क साधा. आमच्याकडे गावात घर बंद करून मुंबईला जाणारी माणसं किल्ली शेजारी ठेवून जातात. कुणी आलं तर शेजारीण सांगते, ते नाय हायत, गणपतीला येतील. हेही आपोआप उत्तरच झालं. पण तिच्याकडे किल्ली असते. घरात पाणी शिरलं तर ती दार उघडू शकते. मेलमधल्या त्या अमुक माणसाकडे कसलीच किल्ली नसते. बहुतेक वेळा आपलं नाव तिथे टाकलंय हेही त्याला माहीत नसतं.

हे मला कळलं ते शेजारच्या मुलीमुळे.

महाडात माझ्या घराला लागून एक मुसलमान कुटुंब राहतं. नवरा, बायको आणि एकच मुलगी. नवऱ्याचा स्वतःचा ट्रक होता, मुंबई-गोवा रस्त्यावर त्याची उभी हयात गेली. दोन वर्षांपूर्वी जुलैत कशेडी घाटात दरड आली आणि ट्रक पलटी झाला. माणूस वाचला, पण पायाचा पार चुराडा झाला होता. ट्रक भंगारात गेला. तेव्हापासून तो खाटेवर पडून छताकडे बघत असायचा, कुणाशी धड बोलायचा नाही. मुलगी नर्सिंग शिकून नुकती घरी आली होती आणि आखातातल्या एका हॉस्पिटलात तिची निवड झाली होती. त्या घराला आता तेवढाच एक आधार होता आणि तो सगळ्या आळीला माहीत होता.

नोकरी पक्की व्हायला एकच गोष्ट राहिली होती. ही मुलगी आमच्याकडेच शिकली, एवढं तिच्या कॉलेजनं मेलवरून कळवायचं. कागदपत्रं तपासणाऱ्या परदेशी कंपनीनं कॉलेजला विचारलं होतं. कॉलेजनं दोन ओळींत हो म्हणायचं, की संपलं काम. पण उत्तर जाईना. हॉस्पिटलनं मुलीला कळवलं, उद्या संध्याकाळपर्यंत कॉलेजचं उत्तर आलं नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला देऊ.

आणि उद्या म्हणजे गौरीविसर्जन.

मुलगी माझ्याकडे आली. मेल तिला माझ्यापेक्षा चांगले लिहिता येतात, त्यासाठी नव्हती आली. माझ्या तोंडासाठी आली होती. आळीत माझी ख्याती तीच आहे. तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘‘मावशी, हे वाचा.’’

मी वाचलं. कॉलेजच्या रजिस्ट्रारसाहेबांना मेल केला तर उत्तर होतं, मी गणेशोत्सवानिमित्त रजेवर आहे, तातडीचं काम असल्यास हेडक्लार्कशी संपर्क साधा. हेडक्लार्कला मेल केला तर उत्तर होतं, मी गणेशोत्सवानिमित्त रजेवर आहे, ज्युनियर क्लार्कशी संपर्क साधा. ज्युनियर क्लार्कला केला तर तोही गणेशोत्सवानिमित्त रजेवर आणि तातडीच्या कामासाठी रजिस्ट्रारसाहेबांशी संपर्क साधा. पोरगी दोन दिवस ह्या तिघांभोवती फिरत होती. ऑफिसचा फोन नुसता वाजत राहायचा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर आश्चर्य वाटलं नाही. ऑफिस मुंबईच्या बाजूचं असलं म्हणून काय झालं, माणसं सगळी आमचीच, कोकणातली. एकानं दुसऱ्याला चिकटवायचं, दुसऱ्यानं आपल्या वाडीतला तिसरा आणायचा, हीच आमची पद्धत. वर्षभर ते बरं चालतं. पण गणपती आले की सगळं ऑफिस एकाच गाडीत बसून गावाला निघतं आणि निघता निघता प्रत्येक जण शेजारी बसलेल्याचं नाव मेलमध्ये टाकतो. तोही आपल्याच गाडीत आहे हे ह्या शहाण्यांच्या डोक्यात येत नाही.

‘‘हा हेडक्लार्क कुठला?’’ मी विचारलं.

मुलगी म्हणाली, ‘‘पोलादपूरचा. अ‍ॅडमिशनला गेले तेव्हा म्हणाले होते, तू महाडची? मी कापड्याकडचा, म्हणजे आपण एकाच नदीच्या पाण्यावरचे. काही लागलं तर सांग.’’

‘‘मग सांगायला जाऊ या की. काढ स्कूटी.’’

तिची आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ‘‘वहिनी, सणाच्या दिवशी लोकांच्या घरी जायचा? बरा दिसंल का?’’ मी म्हटलं, ‘‘सणाच्या दिवशीच जायचं. आज त्याला दार लावता येणार नाही.’’ गौरी-गणपतीत आमच्याकडे कुणाच्याही घरी कुणीही जावं. दर्शनाला आलेल्या माणसाला परत पाठवायची कुणाची छाती होत नाही. मेलवर काय वाटेल ते लिहा, घरच्या गणपतीपुढे मी उपलब्ध नाही असं म्हणायची सोय अजून निघालेली नाही.

महामार्गावर मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. मुलगी गाड्यांच्या कडेकडेनं स्कूटी काढत होती आणि मी मागे जीव मुठीत धरून बसले होते. पोलादपूरला महामार्ग सोडून आत वळलो. कापड्याच्या पुढे एका टपरीवर विचारलं, मुंबईला कॉलेजात नोकरीला आहेत ते कुठे राहतात? टपरीवाल्यानं पान बांधता बांधता सांगितलं, ‘‘वरच्या वाडीत जावा. आताच मिठाई नेलीन माझ्याकडना.’’ दोन दिवस मेल करून जो माणूस सापडला नाही, तो टपरीवर एका वाक्यात सापडला.

घर माणसांनी भरलं होतं. हेडक्लार्क नवा कोरा झब्बा घालून ओटीवर उभा, येणाऱ्याला या या करत होता. मुलीला बघून त्याचा चेहरा खरंच उजळला. ‘‘अरे, आपली महाडची! ये, ये.’’ मुलगी ओढणी सावरून पायरीशीच थांबली होती. त्याच्या आईनं आतून हाक मारली, ‘‘बाहेर काय उभी, आत ये गो बाय. घावन खाल्ल्याबिगर जायचा नाय.’’ आम्ही आत गेलो, गौरी-गणपतीला हात जोडले. घावन-घाटलं पुढ्यात आलं. मग मी काम सांगितलं.

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. ‘‘होऊन जाईल हो मॅडम. ऑफिसला गेलो की पहिलं हिचंच काम.’’

‘‘ऑफिसला कधी जाणार?’’

‘‘सोमवारी.’’

‘‘मुदत उद्याची आहे.’’

‘‘आता मी रजेवर आहे ना. रजेत असताना मेल पाठवला तर उद्या कुणी विचारलं, रजेवर होतास तर मेल कसा केलास? नियमात बसत नाही. तुम्ही असं करा, मला एक मेल टाकून ठेवा, म्हणजे रेकॉर्डला राहील.’’

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, टाक. तिनं तिथेच बसून मेल टाकला. त्याच्या झब्ब्याच्या खिशात मोबाईल टुणकन वाजला. आणि लगेच तिच्या हातातला वाजला. मी गणेशोत्सवानिमित्त रजेवर आहे. उत्तर देणारा माणूस समोर हातात घाटल्याची वाटी घेऊन उभा होता, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझा राग तिथे खरा उसळला. मठ्ठ माणूस मला चालतो, आळशीही चालतो. पण हा प्रेमानं वाढत होता आणि त्याच हातानं पोरीच्या तोंडाला पानं पुसत होता.

ताटातलं घावन तिनं बोटानं चुरून ठेवलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पाहिलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून तिनं गौरीकडे तोंड वळवलं तेही पाहिलं.

मी मांडी ठोकून बसले. म्हटलं, ‘‘तुमचं बरोबर आहे. सोमवारी काम होणार असेल तर सोमवारपर्यंत आम्ही इथेच बसतो. मी निवृत्त आहे, माझी कुठे वाट बघणारं कुणी नाही.’’ तो हसला. त्याला वाटलं, गंमत चाललीय.

तेवढ्यात वाडीतली चार माणसं दर्शनाला आली. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ह्या कोण? मी म्हटलं, ‘‘आम्ही महाडहून आलोय. ह्या मुलीच्या वडिलांचा पाय कशेडीत गेला. हिला नोकरी लागतेय, ह्यांनी मेलवर दोन ओळी लिहिल्या तर. पण हे रजेवर आहेत.’’ माणसं प्रसाद घेऊन गेली. मग शेजारचं कुटुंब आलं. ह्या कोण? मी म्हटलं, ‘‘आम्ही महाडहून आलोय. ह्या मुलीच्या वडिलांचा पाय कशेडीत गेला. हिला नोकरी लागतेय, ह्यांनी मेलवर दोन ओळी लिहिल्या तर. पण हे रजेवर आहेत.’’ एक शब्द इकडचा तिकडे नाही, आवाज वर नाही, खाली नाही. मग हेडक्लार्कचे सासरे आले. त्यांनाही तेच. मग मुंबईहून आलेला कुणी चुलतभाऊ. मी पुन्हा सुरू केलं.

हेडक्लार्कच्या कपाळावर घाम यायला लागला. ‘‘मॅडम, सारखं काय तेच तेच सांगताय?’’

‘‘तुमच्याकडूनच शिकले,’’ मी म्हटलं. ‘‘कुणीही आलं तरी एकच उत्तर द्यायचं. डोकं लागत नाही.’’

सासऱ्यांनी जावयाकडे एकदा पाहिलं फक्त. चुलतभाऊ म्हणाला, ‘‘दोनच ओळी हायत तर टाक ना रे.’’ हेडक्लार्कच्या आईनं मुलीच्या पुढ्यातलं गार झालेलं ताट उचललं आणि दुसरं गरम आणून ठेवलं. तेव्हा त्यानं मोबाईल काढला. आधी साहेबांना विचारतो म्हणाला. लावला फोन. रजिस्ट्रारसाहेब, ज्यांना दोन दिवस जगातल्या कुठल्याच तारेनं गाठता आलं नव्हतं, त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. मागे टाळ वाजत होते. ‘‘अरे पाठव की,’’ आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं, ‘‘ह्यात मला काय विचारायचं?’’

झालं. त्यानं ओटीवर उभ्या उभ्या कंपनीला मेल लिहिला. मुलगी आमच्याकडेच शिकली, प्रमाणपत्र खरं आहे. आरतीची दोन कडवी होतात तेवढ्यात काम संपलं. मग त्याचाच मोबाईल टुणकन वाजला. कंपनीचं आपोआप उत्तर होतं, आपला मेल मिळाला, दोन कामाच्या दिवसांत कळवू. तो केवढा चिडला म्हणून सांगू. ‘‘बघा! आपण सणासुदीला एवढं करायचं, आणि ह्यांना वाचायला दोन दिवस पाहिजेत. काय पद्धत आहे का ही?’’ असं समाधान आयुष्यात फार वेळा मिळत नाही, ते मी चवीनं घेतलं.

मुदतीत उत्तर पोचलं होतं, त्यामुळे पुढे अडलं नाही. आठवड्याभरात मुलीचं नेमणुकीचं पत्र आलं आणि महिन्याभरात ती गेली. जाताना पाया पडायला आली तर मी म्हटलं, ‘‘तिकडे जाऊन त्यांच्यासारखी होऊ नकोस. कुणी विचारलं तर माणसासारखं उत्तर देत जा.’’

पुढच्या गणपतीत आळीतल्या दुसऱ्या एका मुलीचं त्याच कॉलेजात काहीतरी अडलं म्हणून मी हेडक्लार्कला मेल केला. यंत्र चालूच होतं. मजकूरही तोच, तसाच ज्युनियर क्लार्ककडे बोट दाखवणारा. फक्त खाली एक नवी ओळ होती, सुट्टीच्या काळात कृपया घरी संपर्क साधू नये. एवढ्यातून ह्या माणसाच्या डोक्यात शिरलं ते एवढंच. त्याच दुपारी पोरीनं आखातातून पाठवलेला खजुराचा डबा घेऊन मी त्याच्या आईकडे गेले. म्हातारीनं सुनेला घावनाचा तवा ठेवायला सांगितलं. हेडक्लार्क मला बघून मागच्या दारानं कुठे गेला कोण जाणे.

मुलगी गेली त्याला आता दुसरं वर्ष. मुलीचे वडील काठी घेऊन का होईना, आळीच्या टोकापर्यंत जाऊन येतात आणि परत येताना माझ्या दारात थांबून रस्त्याला शिव्या घालतात. मुलीची रजा सारखी पुढे ढकलली जात होती. ईदला येते म्हणाली, नाही जमलं. मग मेमध्ये म्हणाली, तेही नाही. तिची आई विचारायची बंद झाली होती. फोन आला की ठीक आहेस ना, एवढंच बोलायची आणि नवऱ्याकडे द्यायची.

परवा सकाळी मला गुडघ्याच्या गोळ्यांबद्दल विचारायचं होतं. मुलीला ड्युटीवर फोन घेता येत नाही, म्हणून मी तिच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर मेल टाकला. टाकला आणि लगेच उत्तर आलं. एवढ्या झटक्यात कुठलं माणूस लिहितं? मला कळलंच काय ते. उघडायच्या आधीच तोंडात शिवी आली, म्हटलं झाली ही पण त्यांच्यातली.

लिहिलं होतं, मी आजपासून रजेवर आहे, महाडला घरी जात आहे.

खाली आभार होते, शुभेच्छा होत्या, तातडीच्या कामासाठी कुणाचं तरी नाव होतं, सगळा नेहमीचा भिकार मजकूर. मी तो पुन्हा वाचला. घरी तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, हे उघड होतं. तिची आई बाहेर पायरीवर बसून तांदूळ निवडत होती.

मी चपला घातल्या आणि तिच्याजवळ गेले. म्हटलं, ‘‘आज भात जरा जास्त टाका.’’

‘‘का वहिनी? कोण यायचा हाय?’’

‘‘कोणी नाही,’’ मी म्हटलं. ‘‘टाका तुम्ही.’’